खिडकीच्या गजावरचा कंगवा

द्वारका, नवी दिल्ली
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय धम्मदीप,

सप्रेम जय भीम. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, आत्याने जिने चढायला मनाई केली आहे. इथे धुरामुळे खिडक्या बंद. बाकी ठीक.

तू बनवलेला लांब दांड्याचा कंगवा मिळाला. चालला नाही. दांडा हलका आहे, पण श्रावस्तीचा हात खांद्याच्या वर जातच नाही, आणि मध्येच झटका आला की दात कानाला लागतात. तू पुण्यात बसून केसांच्या टोपावर चाचणी घेतलीस. टोपाला झटके येत नाहीत.

मी चिडले, ती हसली. म्हणाली, "यार आई, हात हलत नाही तर कंगवा कशाला हलवायचा? त्याला कुठेतरी बांधून टाक ना. मी डोकं हलवते."

मी तो खिडकीच्या गजाला चिंधीने बांधला. तिने व्हीलचेअर पुढे घेतली, मान वळवली आणि डावी बाजू स्वतः विंचरली. स्वतः! मग चिंधी सुटली. उजवीकडे गुंता तसाच राहिला. म्हणून मला गजावर घट्ट बसणारी पकड हवी, तीही या महिन्यातच. उंची कमीजास्त करता यावी. कंगव्याचे दात बोथट हवेत.

घाई का, ते फोनवर सांगता येत नाही. ती शेजारीच असते. पानिपतजवळची एक संस्था तिला ठेवून घ्यायला तयार आहे. मी पाहून आले. जागा स्वच्छ आहे, पण सगळ्या मुलींचे केस मुळापासून कापलेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "जो खुद कंघी कर ले, उसके बाल रहेंगे. बाकी सबके लिए इतने हाथ कहाँ से लाएँ?"

श्रावस्तीला आरशात स्वतःचं एवढंच आवडतं, धम्मदीप. खांद्यापर्यंतचे ते दाट केस.

माझ्या पोटात गाठ आहे. २ डिसेंबरला ऑपरेशन. डॉक्टरांनी आशा दाखवलेली नाही. तिला यातलं काही माहीत नाही. तूही विषय वाढवू नकोस.

काल अर्धं डोकं विंचरून झाल्यावर तिने विचारलं, "आई, सच बता. तू कुठे चालली आहेस?"

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात."

पकड सुबक नसली तरी चालेल. सुटता कामा नये.

तुझी,
सुनीती आत्या