जीपच्या आंघोळीचं पाणी

॥ श्री ॥

पुणे, ता. ९ नोव्हेंबर १९८०

ती. सौ. वहिनींस,
भोजराजचा सा. न. वि. वि.

तुमचं दिवाळीचं पत्र पोचलं. अनरशांपासून शेजारणीच्या म्हशीपर्यंत सगळं आलं आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते मात्र शेवटच्या ओळीत, तेही अक्षर बारीक करून. यापुढे थंडीत पहाटे धुरापाशी बसलात तर छाती कायमची जाईल, असंच म्हणाले ना ते? मग ती ओळ सगळ्यांत आधी यायला हवी होती. मी इथे वाचून हादरलो आणि तुम्ही पुढे लिहिता की काळजी करू नये.

दादांची डिझेल जीप हिवाळ्यात पहाटे सुरू होत नाही. म्हणून तुम्ही अंधारात उठून ओल्या लाकडांच्या चुलीवर दोन गुंड भरून पाणी तापवता, दादा ते इंजिनात ओततात आणि मग माणसं घेऊन बपेरा गावाची पहिली खेप निघते. मला आठवतं तेव्हापासून आपल्या घरात माणसांच्या आधी जीपची आंघोळ. यंदा ती बंद करायची. मी कारखान्यात विजेचा एक हीटर तयार केला आहे. पितळेचं नळकांडं, आत तापणारी तार. इंजिनाच्या पाण्याच्या रबरी नळीत ते बसवायचं, रात्री घरातल्या प्लगला वायर लावायची, की इंजिनातलं पाणी सकाळपर्यंत ऊन राहतं.

आमच्या साहेबांना हा हीटर पहाडात जाणाऱ्या ट्रकांसाठी हवा आहे. एखाद्या खऱ्या गाडीवर हिवाळाभर टिकला तर कारखाना बनवायला घेईल, नाहीतर फाईल बंद. मी लगेच म्हटलं, खरी गाडी माझ्या घरी आहे.

दादा विजेला किती भितात ते ठाऊक आहे. बादलीतल्या रॉडचा झटका बसला तेव्हा त्यांनी तो रॉड छपराच्या कवेलूंवर भिरकावला होता. त्यांना सांगा, हा घरच्या माणसाने केलेला आहे, याला भिऊ नये. पार्सल रेल्वेने पाठवलं आहे. टिकाराम मिस्त्रीकडून बसवून घ्यावा.

तुमच्या लोभावरच वाढलो, तो आटू देऊ नये.

आपला,
भोजराज

॥ श्री ॥

तुमसर, ता. २८ नोव्हेंबर १९८०

चि. भोजराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व ठीक, तुझी खुशाली कळवीत जा.

पार्सल आणायला तुझे दादा स्वतः तुमसर रोड स्टेशनवर गेले. जीपमध्ये मागे न ठेवता शेजारच्या सीटवर ठेवून आणलं, जणू नवरदेवच आणला. टिकारामने अर्धा दिवस घालवून बसवलं. मी हळदकुंकू वाहिलं, त्यांनी नारळ फोडला. ज्याने रॉड कवेलूंवर फेकला त्याच माणसाने स्वतःच्या हाताने प्लग लावला. वर म्हणाले की माह्या भावानं केलं हाय, मले कायचं भेव?

पण बाबा रे, सकाळी जीप काही उठेना. तुझ्या नळकांड्याला हात लावला तर चटका बसला आणि इंजिन मात्र दगडासारखं गार. मला हे काही समजलं नाही. जीप नुसती खोकत होती आणि तिच्याजवळ मी उभी राहून खोकत होते. बपेऱ्याची माणसं घोंगड्या पांघरून आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत बसली. शेवटी चूल पेटवली, नेहमीसारखं पाणी तापवलं आणि गाडी गेली. तुझे दादा म्हणाले की पुण्याची वीज पुण्यातच गरम होत असन.

नवीन धान बाजारात आल्यापासून सगळ्या राईस मिला दिवसरात्र सुरू आहेत. आपला दिवा नुसता लाल दिसतो. हे पत्रसुद्धा कंदिलाजवळ बसून लिहिते आहे. छातीचं विचारू नकोस. तू वेळेवर जेवत जा आणि साहेबांशी वाद घालू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

आठवण ठेव, माया आहेच.

तुझी वहिनी,
शकुन

॥ श्री ॥

पुणे, ता. ६ डिसेंबर १९८०

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

लाल दिव्याचं वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मी तुमसरचा पोरगा, धानाच्या हंगामात दिव्यांचं काय होतं ते मला कोणी सांगायला हवं? इथे टेबलावर पूर्ण दाबाची वीज मिळते. तिकडे दाब इतका कमी पडला की उष्णता निम्मीही राहत नाही. त्यामुळे नळकांडं तेवढं तापतं आणि इंजिनापर्यंत काही पोचत नाही. साहेबांना सांगितलं तर ते हसले. त्यांच्या मते पहाडात राईस मिला नसतात. मी वाद घातला नाही, हे तुमच्यासाठी.

आता जास्त ताकदीचा दुसरा हीटर पाठवतो आहे. पाणी पुरेसं तापलं की आपोआप बंद होईल अशी कळही घातली आहे. म्हणजे मधेच मिला थांबून विजेचा दाब वाढला तरी भीती नाही. या वेळी चूक होणारच नाही. कृपा करून तोवर तरी चुलीपासून दूर बसा. दादांना पाणी तापवता येत नाही काय?

माझ्यावर राग नसावा, असला तरी लोभाच्या खाली असावा.

आपला,
भोजराज

तुमसर, ता. १९ डिसेंबर

चि. भोजराज यास दादाचा आशीर्वाद.

तुहा दुसरा हीटर जळला. पहिल्याच राती. घरभर वास सुटला होता. तू लिहिलं तसंच केलं, संध्याकाळी गाडी लावली अन प्लग लावला. दुसरं काहीच केलं नाही. पाणी मी तापवाले गेलो होतो तर चूलच विझवली, तुही वहिनी हसली अन मंग लय खोकलली. काय चुकलं ते कळव. मले समजून नाही राहिलं.

ईश्वर

॥ श्री ॥

पुणे, ता. २७ डिसेंबर १९८०

तीर्थरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. जळालेला हीटरही मिळाला. उघडून पाहिला तर आतली तार पार कोळसा. पाण्यात बुडालेली तार अशी जळूच शकत नाही, दादा. साहेबांनी तो सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला आणि विचारलं की हा हीटर आहे की भट्टी. मला मान वर करता आली नाही.

स्पष्ट विचारतो. टिकारामने तो उघडला होता काय? कोणी कळीशी खेळलं काय? आपण वायर दुसरीकडे कुठे जोडली काय? तसंच केलं, एवढंच लिहून कसं चालेल? मी इथे आठवडेच्या आठवडे खपतो आणि तिकडे एका रात्रीत त्याची राख होते. यंत्र नीट वापरायचं नसेल तर तसं सांगा, मी पाठवणार नाही. हा तिसरा पाठवतो आहे. साहेब म्हणाले, हा शेवटचा.

वहिनींच्या छातीचा प्रश्न आहे, म्हणून इतकं लिहिलं.

आपला,
भोजराज

॥ श्री ॥

तुमसर, ता. १५ जानेवारी १९८१

चि. भोजराज यास,
अनेक आशीर्वाद. सोबत तिळगूळ पाठवला आहे. तो खा आणि मग पुढचं वाच.

तिसराही जळला.

आधी तुझ्या दादांचं सांगते. तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मला दाखवलं नाही, कपडे धुताना मीच वाचलं. भोजराज, त्या माणसाने तुला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत पोचवलं आहे. त्याला तू यंत्र नीट वापरायचं नसेल तर सांगा असं लिहितोस? तिसरा हीटर बसवला तेव्हा त्यांनी टिकारामलाही पाना लावू दिला नाही, स्वतः बसवला. तो जळल्यावर फाटकाशी बसून राहिले आणि म्हणाले की मीच करंटा, माह्या हातालेच यश नाही. मला तुझा फार राग आला, हे लिहून ठेवते.

संक्रांतीच्या आधी मला ताप भरला. उठवत नव्हतं, म्हणून खाट खिडकीशी लावून घेतली होती. संध्याकाळी तुझे दादा शेवटची खेप करून आले. जीप लावली, नेहमीसारखे खाली वाकले आणि इंजिनाची खालची तोटी उघडली. पाण्याची धार माझ्या वांग्याच्या वाफ्यात गेली. लग्न होऊन आल्यापासून ती धार बघते आहे, माझी वांगी त्याच पाण्यावर होतात. मग तोटी बंद करून ते आत आले, हातपाय धुतले आणि हीटरचा प्लग लावला.

त्याच रात्री तो जळला, तेव्हा मी पडल्या पडल्या विचार केला की हा हीटर कोणतं पाणी तापवत होता?

त्यांना विचारलं तर रागावले. घराला कुलूप लावता का असं विचारल्यासारखे बघायला लागले. म्हणाले की रातभर गाडीत पाणी ठेवतेत का कोणी? बाबूलाल उस्तादानं त्यांना ट्रकवर हेच शिकवलं. गाडी रात्री कोरडी निजवायची, सकाळी ऊन पाणी भरून उठवायची. जो पाणी काढत नाही तो ड्रायव्हर नाही, हमाल आहे. एवढं बोलले आणि एकदम खाली बसले.

सकाळी मी ऊन पाणी देतच होते, त्यामुळे टिकाराम बघायला येईपर्यंत इंजिन भरलेलंच असायचं. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. तू तर याच घरात वाढलास. पण पहाटे रिकामं इंजिन भरताना तू वाकळेत असायचास.

दादांना पत्र लिही. मला नंतर लिहिलंस तरी चालेल.

तुझी वहिनी,
शकुन

॥ श्री ॥

पुणे, ता. २४ जानेवारी १९८१

तीर्थरूप दादांस व ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

दादा, ते पत्र फाडून टाका. मी काय लिहिलं ते आठवलं की जेवण जात नाही. आपण मी सांगितलं तेवढं सगळं केलं, मीच नको ते विचारत बसलो. इंजिनात ऊन पाणी ओततात हे मला लहानपणापासून माहीत. ते ओतायला इंजिन आधी रिकामं असावं लागतं, एवढं डोक्यात आलं नाही. पाणी तापलं की बंद होणारी कळ घातली, पण पाणीच नसेल तर तापणार काय आणि बंद होणार काय? नळकांडं पोळतं आणि इंजिन गार, हे वहिनींनी पहिल्याच खेपेला लिहिलं होतं. मी विजेच्या दाबाचं गणित मांडत बसलो.

साहेबांकडे धावत गेलो. म्हटलं दोष सापडला, पाणी नसेल तर वीजच जाणार नाही अशी सोय हीटरमध्ये करू. त्यांचं म्हणणं, गाडीचं पाणी रोज कोणी काढत नाही. मी सांगितलं, आमच्याकडचे जुने ड्रायव्हर काढतात. ते म्हणाले की मग तो तुमच्या ड्रायव्हरांचा दोष, हीटरचा नव्हे, आणि दोन जळालेले हीटर वरच्यांना दाखवायला त्यांना लाज वाटते. वहिनी, या वेळी मी वाद घातला. चांगला मोठ्याने घातला. फाईल बंद झाली आणि मला हॉर्नच्या पट्ट्यांची रेखाटनं काढायच्या टेबलावर बसवलं आहे. संताप होतो. दिवसभर पट्ट्या काढतो आणि कोणाशी बोलत नाही.

रविवारी बसून एक हीटर हाताने जुळवला, तो पाठवतो आहे. त्यात पाणी नसताना वीज तोडणारी सोय नाही, ते सामान मला आता कोणी देत नाही. म्हणून दादा, तोटी उघडायची नाही. आपण उघडणार नाही असं म्हणाल, पण इतक्या वर्षांची सवय आहे, हात आपोआप जाईल. एकदा जरी गेला तरी हाही जळेल आणि माझ्याकडे दुसरा नाही. आता माझ्या हातात काहीच उरलेलं नाही, याचाच जास्त त्रास होतो.

अपराध पोटात घालावा आणि मला आपलं म्हणावं.

आपला,
भोजराज

॥ श्री ॥

तुमसर, ता. ८ फेब्रुवारी १९८१

चि. भोजराज यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू म्हणालास तसंच झालं. हीटर बसवला त्या संध्याकाळी तुझे दादा गाडीवरून उतरले आणि बोलता बोलता खाली वाकले. मी ओरडेपर्यंत अर्धं पाणी गेलं होतं. स्वतःच्या हाताकडे बघत उभे राहिले. मग विहिरीचं पाणी आणून पुन्हा भरलं आणि त्या रात्री प्लगच लावला नाही. म्हणाले की मले माह्या हाताचा भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता रेडिएटरवाल्याकडे गेले आणि ती तोटी डाख देऊन कायमची बंद करून आले. स्टँडवर सगळे ड्रायव्हर हसले. टिकाराम म्हणाला की ईश्वरभाऊनं जनमभर आमाले पाणी काढाले शिकवलं अन आता आपल्याच गाडीचं नाक बुजवलं. तुझे दादा पुढच्या खेपेची माणसं बसवत राहिले. स्टँडवर कोणी हसलेलं त्यांना कधीच खपत नाही, म्हणून मला फार वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

आज मला नेहमीच्या वेळी आपोआप जाग आली. उठायला लागले तर त्यांनी उठू दिलं नाही. बाहेर गेले. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. जीप एका दमात सुरू झाली. मला रडू आलं, कशाचं ते विचारू नकोस. चूल गार होती आणि मी अंथरुणात, असं या घरात हिवाळ्यात कधी झालं नव्हतं.

कारखान्याने फाईल बंद केली म्हणून तू झुरू नकोस. झुरायचंच असेल तर इथे येऊन झुर, मी करून घालीन. पत्र उद्या टपालात टाकायला यांच्याकडे देते.

राग तिथेच ठेव, माया इकडे पाठव.

तुझी वहिनी,
शकुन

ता. क. पत्र टाकाले कालपासून माह्यापाशी होतं म्हणून मी लिहून राहिलो. आज पहाटे तुही वहिनी निजूनच होती. आवाजानं उठन म्हणून जीप ढकलत सडकेवर नेली, मंग सुरू केली. — ईश्वर