अजून ओळख व्हायची आहे

३ ऑक्टोबर १९८६, चूर

पुन्हा बिनचेहऱ्याची बाई! अकरावं चित्र हे. बरगड्यांच्या जागी नळ्या, पाठीचा कणा खुर्चीत मिसळलेला, मागं काळपट हिरवं धुकं. तिच्या अंगाचा एक न् एक भाग मी पुठ्ठ्यातून कापून दिलाय. सोळा वर्षं आमचं हेच चाललंय – मी पुठ्ठ्याला भोक पाडायचं, कादुफांनी त्यावरून रंगाचा फवारा मारायचा. फक्त तिच्या चेहऱ्याचा पुठ्ठा त्यांनी कधी मागितला नाही.

आज झुरिकचा पत्रकार आला होता. "ही बाई कोण?" म्हणाला. कादुफ ब्रश धूत होते. "अजून ओळख व्हायची आहे," म्हणाले. तो हसला. मीही हसले, उगाच.

६ ऑक्टोबर

दक्षिणेचा कोरडा वारा सुटलाय. माझं डोकं ठणकतंय, आणि कादुफ सारखे खोकतायत.

११ ऑक्टोबर

सिनेमावाले अमेरिकन आले. राक्षसाची रेखाटनं हवीत, शिवाय कादुफांनी घडवलेली हाडांच्या आकाराची खुर्चीही हवी. मेले दारातूनच कादुफांना पहिल्या नावानं "हाय, लुत्सी!" वर पाठीवर थाप! ज्या माणसाच्या नावानं या गावातल्या आया पोरांना भिववतात – "सूप संपव, नाहीतर कादुफच्या घरी पाठवीन" – त्याच्या पाठीवर थाप!

आणि मी? सोळा वर्षं 'श्रीयुत' आणि 'बाई', तेही आडनावानंच – "हेर कादुफ, पुठ्ठा तयार आहे." "आभारी आहे, फ्राउ अक्कोला."

बँकेसाठी साध्यासुध्या खुर्च्या आखायचे, तेव्हापासून मी आहे. पहिल्यांदा खुर्चीच्या पाठीला मणके काढले आणि बँकेनं हाकललं, तेव्हाही मीच होते. पण रीत ती रीत. वयानं मोठा असेल त्यानं पेला उचलायचा, आपलं नाव सांगायचं – तिथं 'तुम्ही' संपतं आणि 'तू' सुरू होतं. आमच्या डोंगरातल्या घरी असंच शिकवलं. ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. मी कशी उचलू पेला? लोचट म्हणतील मला.

मला एकदाच ऐकायचंय ते. एकदा "सेराइना" म्हणावं त्यांनी. चोपन्न वर्षांच्या बाईनं असलं लिहू नये. लिहिलं.

१९ ऑक्टोबर

प्रदर्शनाचं जेवण. दिवे लावणारा ठेकेदार, पुरता चार दिवसांच्या ओळखीचा! त्याच्यापुढं पेला उचलून म्हणाले, "मी लुत्सी." झालं. दोघं अरे-तुरे करत गळ्यात गळे घालून बसले.

मग माझ्याकडं वळले. पेला जरा वर नेला, आणि तसाच धरून राहिले. मी मान खाली घालून जवाचं सूप ढवळत बसले. वर पाहिलं तेव्हा पेला टेबलावर होता.

त्या ठेकेदाराइतकीही माझी किंमत नाही तर!

२० ऑक्टोबर

मी दिवसभर कामापुरतं बोलले. हो आणि नाही.

२४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी सांगितलं. कादुफांच्या फुप्फुसात रंग बसलाय. फवारा कायमचा बंद – आणि तरी किती दिवस, ते सांगता येत नाही म्हणे. "नाकावर फडकं बांधा" म्हणून मी सोळा वर्षं घसा कोरडा केला. "मग चित्राचा वास येत नाही," हे उत्तर ठरलेलं. भोगा आता!

नाही. असं नको लिहायला. ते खुर्चीत बसून होते, हात मांडीवर. बारावं चित्र भिंतीला टेकवलेलं. बाई उभी आहे, चेहऱ्याची जागा कोरी. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

२७ ऑक्टोबर

त्यांची बहीण मेंगा अक्रोडाची टार्ट घेऊन आली. मला पहिल्याच आठवड्यात 'तू' म्हणणारी ती एकटी. तिला सांगून टाकलं, "मी जाते गं घरी. फवाराच नाही, तर पुठ्ठे कोणासाठी कापू?"

"लुत्सीला सांगितलंस?"

"हेर कादुफांना सांगेन उद्या."

तिनं सुरी खाली ठेवली. "अजून हेर कादुफ? अगं, कसली माणसं तुम्ही!"

"ते मोठे आहेत. त्यांनी आधी–"

"तू बाई आहेस ना, खुळे! बाईमाणसासमोर पुरुषानं थांबायचं. आईनं छडी मारून शिकवलंय आम्हांला. बाईनं आधी नाव सांगायचं. सोळा वर्षं माझं डोकं खातोय तो – मेंगा, ती काही पेला उचलत नाही, मी तिला आवडत नाही वाटतं."

मी टार्टची बशी बाजूला सारली. तो सूपवाला पेला डोळ्यांपुढं आला. सोळा वर्षं, देवा! दोघंही आपापल्या आईचं ऐकत बसलो.

२८ ऑक्टोबर

सकाळी दहा वाजता मालान्सच्या तांबड्या वाइनची बाटली फोडली. दोन पेले. ओतताना थोडी माझ्या बाहीवर सांडली.

"मी सेराइना," म्हणाले.

ते उठून उभे राहिले, जाकिटाची गुंडी लावली. "लुत्सी," म्हणाले. प्यायलो. मग त्यांना खोकला आला.

आणि गंमत बघ – त्यानंतर दिवसभर 'तू' लागेल असं एकही वाक्य दोघांच्या तोंडून निघालं नाही. "कॉफी हवी का?" "खिडकी लावलेली बरी." लाजच वाटत होती.

३० ऑक्टोबर

सकाळी माझ्या टेबलावर कापलेला पुठ्ठा. त्यानंच कापलाय – कडा खरखरीत, एक कोपरा फाटलेला, असलं काम मी मेले तरी करणार नाही. चेहरा आहे. वाकडं नाक माझ्या बापाचं, हनुवटीवरचा व्रण माझा. शेजारी फवाऱ्याची नळी आणि घडी केलेलं स्वच्छ फडकं. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय:

"मला आता श्वास पुरत नाही. आजपासून मी कापतो, फवारा तू मार. नाकावर फडकं बांध."