चिझुरूच्या बेटावरचे उदोन

आरिकावा बंदर,
३ एप्रिल १९९१

ती. कियोनोताईस, तेत्सुजीचा सा. न. वि. वि.

बोट वेळेवर लागली, मी धडधाकट आहे. चिझुरूच्या अस्थींचा कलश पिशवीत नीट आहे. बायकोच्या माहेरी पहिल्यांदाच आलो, तोही तिच्याशिवाय.

उतरल्या उतरल्या तिचे ते उदोन खायला खाणावळीत गेलो. शेवया आपल्याकडच्यासारख्या जाड नाहीत, सुतळीएवढ्या बारीक. पातेलं टेबलावरच खदखदत असतं, त्यातून ज्याने त्याने ओढून खायचं. मालकीणबाईंनी विचारलं, मंडळी किती? एकटाच म्हटल्यावर म्हणाल्या, एकट्यासाठी पातेलं नाही हो चढवत, वाडग्यात देते. शेजारी एक अख्खं घर एकाच पातेल्यावर तुटून पडलं होतं. माझा वाडगा अर्धाच संपला.

तिच्या भावाच्या, इवाओच्या दारावरून दोनदा गेलो. हाक मारली नाही. परक्या मुलखातला नवरा केला म्हणून ज्याने सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं, तिच्या अंत्यविधीलाही जो आला नाही, तो मला काय दारात उभं करणार?

तुझा,
तेत्सुजी

निईगाता,
७ एप्रिल

चि. तेत्सुजीस, अ. उ. आशीर्वाद.

शाब्बास रे बहाद्दरा! अर्धा देश ओलांडून गेलास आणि दारावरून परत फिरलास. लहानपणी दातांच्या डॉक्टरांच्या पायरीवरून असाच पळायचास. इवाओ तुला खाणार आहे का? चिझुरूला तिच्या आईशेजारी ठेवायचंय, हे एकदा तोंडाने सांग. नाही म्हणाला तर शिव्या घालायला मी आहे.

आणि अर्धपोटी राहू नकोस. दोघांचं मागव आणि एकट्याने खा.

इकडे अजून बर्फ आहे. छपरावरून धप्पकन घसरतं, की कुणी आलंसं वाटून मी दाराशी जाते. म्हातारीचे चाळे, हसू नकोस.

जपून राहा. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

कियोनोताई

बोटीवरून,
१२ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इवाओकडे गेलो. त्याने दार उघडलं, माझं ऐकून घेतलं, आणि परत लावून घेतलं. तिथून सरळ खाणावळीत गेलो आणि दोघांचं मागवलं. बाईंनी समोर दुसरा वाडगाही मांडला. तो उचला म्हणायला माझी जीभ रेटेना. उदोन इतके बुळबुळीत, की काड्यांच्या चिमटीत येतात आणि परत पाण्यात पडतात. मी नुसताच बघत बसलो.

तेवढ्यात इवाओ आत आला. पाहुणे उदोन शिजवताहेत की लापशी, असं बाईंकडे बघून म्हणाला आणि समोर बसला. बांबूच्या दातेरी पळीने भराभर ओढून त्याने माझा वाडगा भरला, मग स्वतःचा. पहिला वाडगा आम्ही दोघांनी संपवला. मग त्याने विचारलं, ती कशाशी खायची, कच्च्या अंड्याशी की माशाच्या कढणाशी? मला सांगता येईना, ताई. तिने घरी हे कधी केलंच नाही. पातेलं म्हणजे घर भरलेलं हवं, म्हणायची, आणि आपल्याला मूलबाळ नाही. मी तसंच सांगितलं. इवाओने काड्या खाली ठेवल्या. अंड्याशी खायची, म्हणाला, माझ्या वाटणीचंही पळवायची.

कलश छातीशी धरून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला टेकडीवर थडग्यांपाशी नेलं आणि आईशेजारचा दगड स्वतः सरकवला. मला हात लावू दिला नाही.

आज धक्क्यावर आला होता, समुद्राकडे तोंड करून उभा. बोट सुटताना म्हणाला, ऑगस्टात पितरांसाठी थडग्यावर कंदील टांगायचे असतात, माझ्याच्याने आता ती चढण होत नाही. मला वर नेताना मात्र त्याला दम लागला नव्हता. मी येतो म्हणालो, पण नेमका भोंगा वाजला. त्याला ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. तो वळला नाही.

पिशवी रिकामी झाली, तरी सारखा तिच्यावर हात जातो. नागोयाला घरी जावंसं वाटत नाही. चार दिवस तुझ्याकडे येऊ का?

आहे तशी माया ठेव.

तुझा,
तेत्सुजी