सोनगीरचा बंद चार्जर

मंगळवार, संध्याकाळचे सात. धुळे, नणंदेच्या घरी.

नऊ टक्के. दिवसभर तोच आकडा डोळ्यांपुढे आहे.

काल रात्री गावात लाईट नव्हती, गाडी चार्ज झालीच नाही. तरी सकाळी काढली. "सोनगीरला चार्ज करू," असं यांना म्हणाले. यांच्या डायलिसिसची वेळ अकराची. सोनगीरला पोहोचलो तेव्हा नऊ टक्के उरले होते आणि हॉटेलसमोरचा चार्जर बंद. तिथले म्हातारे राखणदार म्हणाले, "अक्का, आठ दिन व्हयनात, बंदच शे." फोनवर मात्र तो चालू दिसत होता. मी विश्वास का ठेवला? आधी कुणाला विचारलं का नाही?

एसी बंद करून हळूहळू निघाले. हे घामाने निथळत होते. नऊ टक्क्यांत धुळं गाठता आलं नाही. गाडी हायवेवरच थांबली. कांद्याच्या टेम्पोतून दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता, मशीनवर दुसरा पेशंट होता. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी सहाला या. धाप लागली तर मात्र लगेच आणा."

यांचे पाय सुजलेत. मघापासून श्वासही जड वाटतोय. विचारलं तर म्हणतात, "काही नाही गं, दमलोय."

नणंदेचे शेजारी नाशिकला गेलेत. रात्री यांना न्यावं लागलं तर म्हणून त्यांच्या गाडीची किल्ली तिने आणून दिली, ती हातात धरून बसले आहे. मी शिकले ते आमच्या इलेक्ट्रिक गाडीवर. गिअरची गाडी मला चालवता येत नाही.