रिव्हर्स अजून जमत नाही

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच घालतो आहे. खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरात आहे एकच, तेही एका हाताचं.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजी खोकल्याचं औषध घेतात, की नुसती बाटली हलवून ठेवतात? आम्ही दोघं मजेत. हिचं प्लास्टर निघालं, पण मनगट अजून दुखतं म्हणते, विशेषतः गाडीची किल्ली दिसली की.

परवा फोनवर तू म्हणालीस, नवीन घर बघायला या, मी ड्रायव्हर पाठवते. त्यावर मी गप्प बसलो. का गप्प बसलो ते फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "राहू दे, तुला नाही जमायचं" म्हणाली असतीस आणि माझं अवसान गळालं असतं. पत्रात कोणाला मध्ये बोलता येत नाही, ही पत्राची मोठी सोय आहे. तर ताई, मी गाडी शिकलो. (आधी बस. मग पुढे वाच.)

लहानपणी मी काहीही हातात घेतलं की तू म्हणायचीस, "राहू दे." सायकल घेतली, राहू दे. दुधाचं पातेलं उचललं, राहू दे. शेवटी गल्लीतल्या पोरांनी माझं नावच 'राहूदे' पाडलं. मला त्याचं वाईट वाटलं असं समजू नकोस. उलट त्या नावावर मी जन्मभर बसून खाल्लं. मला जमत नाही म्हटलं की खिळा दुसरा कोणी ठोकतो, गादी दुसरा कोणी उचलतो, आणि आपण चहा घेत सूचना करायच्या. लोक वडिलांच्या जमिनीवर जगतात, मी न जमण्यावर जगलो. मग एक दिवस ही पंख्याची धूळ पुसायला स्टुलावर चढली (स्टूल मी धरलं होतं, तेही मला जमलं नाही) आणि उजवं मनगट मोडून बसली. घरात गाडी चालवणारी ती एकटी. हॉस्पिटलमधून टॅक्सीने येताना प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटून ओठ दाबायची, आणि शेजारी मी तिची पर्स धरून बसलेला. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

माझी कचेरी तुला ठाऊकच आहे. मोटारअपघातांचे विम्याचे दावे आमच्याकडे येतात आणि 'झाड अचानक समोर आले' असले खुलासे वाचून मी ते नामंजूर करतो. गाडी किती तऱ्हांनी आपटता येते हे माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल, फक्त ती सरळ कशी न्यायची तेवढं ठाऊक नव्हतं. त्याच सुमारास साहेबांनी एक व्याख्याते बोलावले. ते म्हणाले, माणूस स्वतःला जेवढा समजतो तेवढाच वाढतो, म्हणून 'मला जमत नाही' असं कधी म्हणू नका, 'मला अजून जमत नाही' असं म्हणा, सगळी प्रगती त्या 'अजून'मध्ये आहे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या खात्यात वर्षानुवर्षं तोच एक शब्द चालतो. दावा मंजूर झाला का? अजून नाही. फाईल सापडली का? अजून नाही. या हिशेबाने आमच्याइतकी प्रगती कोणी केली नसेल. मी मात्र भारावून गेलो. घरी येऊन हिला सांगितलं, "मला अजून गाडी येत नाही." ही म्हणाली, "अजून म्हणजे? ती पहिल्यापासूनच येत नाही."

दुसऱ्या दिवशी क्लास लावला. शिकवणारे मास्तर शेजारच्या सीटवर बसून पेपर वाचायचे. मी चालवतो आहे आणि हा माणूस निवांत पान उलटतो आहे, हे बघून माझी छाती फुगली. आपल्यावर परक्या माणसाचा एवढा विश्वास! मी चौकात वळलो, उतारावर थांबलो, एकदा तर शाळा सुटायच्या वेळी गर्दीतून गाडी काढली आणि कोणाला धक्का लागला नाही. मग एकदा त्यांचा पेपर खाली पडला, तो उचलायला मी वाकलो (गाडी उभी होती, काळजी करू नकोस), तर त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच! "मास्तर, हे तुमच्याकडेही असतं?" ते म्हणाले, "नाहीतर मी पेपर वाचला असता का?"

ताई, मी दोन दिवस क्लासला गेलो नाही. उतारावर कोण थांबलं होतं, मी की मास्तर? गर्दीतून कोणी काढली? विचार करता करता मला तू आठवलीस. रागावू नकोस, पण जन्मभर माझ्या ब्रेकवर तुझा पाय होता. मायेनेच होता, मी कुठे आपटू नये म्हणूनच होता, आणि त्यामुळे मी कुठेच आपटलो नाही, हे खरं. पण मी कुठे गेलोही नाही.

मग आमचीच गाडी काढली. शेजारी ही, गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यातला हात छातीशी. तिच्या बाजूला ब्रेक नाही तरी ती पाय असा दाबायची की त्या जागची चटई झिजली. पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांब घासला आणि दाव्याच्या अर्जावर माझ्या हातून लिहिलं गेलं, 'खांब अचानक समोर आला.' नियमाप्रमाणे तो अर्ज शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे गेला. माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने शेरा मारला, 'खांब पूर्वीपासून तिथेच होता', आणि नामंजूर केला. मला तिचा अभिमान वाटला.

पुढे लायसन्सची परीक्षा झाली. सरळ गेलो, वळलो, थांबलो. रिव्हर्सची पाळी आली आणि नेमका मागे ट्रक येऊन उभा राहिला. परीक्षक घड्याळ बघून म्हणाले, "राहू दे." हा शब्द माझ्या भल्यासाठी वापरला गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला. पास झालो. आता रोज हिला घेऊन मी हळूहळू कुठे कुठे जाऊन येतो. अधूनमधून हॉर्न वाजतात, पण ते मागच्यांचे.

येत्या रविवारी आम्ही येतो. ड्रायव्हर पाठवू नकोस. भाऊजींना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद. कमीजास्त लिहिलं असेल तर ते वाचताना मनातल्या मनात 'राहू दे' म्हणून सोडून दे.

तुझा,
राहूदे

ता. क. तू नवीन घराच्या फाटकातच उभी असशील, मला माहीत आहे. उभी राहा, पण "थांब थांब" म्हणून हात करू नकोस. मी आपोआप थांबेन. निदान तसा बेत आहे.

ता. क. २. फाटकापासच्या कुंड्या हलवून ठेव. आणि भाऊजींना दुसऱ्या दिवशी कुठे जाऊ देऊ नकोस. आत मी घेईन, पण गाडी बाहेर त्यांनाच काढावी लागेल. वर काय लिहिलंय ते वाचलंसच.

ता. क. ३. ताई, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं आहे, म्हणून दोन ओळी. अक्षर ओळखलंत ना? उजव्या हाताने लिहिते आहे. मनगट केव्हाच बरं झालं. डॉक्टरांनी "आता खुशाल गाडी चालवा" म्हणून सांगितलं तेव्हा हे खाली मला न्यायला गाडी घेऊन उभे होते, मागचे दोघे हॉर्न वाजवत होते आणि यांचा चेहरा असा फुलला होता की मी जिन्यातच पट्टा पुन्हा बांधला. भाजी चिरताना काढते, यांची चाहूल लागली की घालते. रस्त्यात जीव मुठीत असतो, पण चटईवर पाय आता दाबत नाही. रविवारी तुम्हीही हात मागे बांधून उभ्या राहा, जड जाईल, पण जमेल. आणि यांना काही सांगू नका. अजून तरी.