डब्यातल्या चार रीड्स

बाबा, आज तुमच्या रीड्सचा डबा कचऱ्यात जाता जाता राहिला. निशातगंजचं वाद्यदुरुस्तीचं दुकान सोडून आलमबागला जरा मोठं घेतलंय. सामान बांधताना तुमची सून म्हणाली, "झिजलेल्या वेताच्या पट्ट्या कशाला जपायच्या? गिऱ्हाइकाला तर लगेच सांगता, 'फेंको भैया, नई लगाओ.'" खरं आहे. क्लॅरिनेट रस्त्यावरून ऐकूनही मी सांगतो, रीड गेलीय की भोकावरचं पॅड हवा सोडतंय. या कानांवरच तर दुकान उभं केलं.

पलटणीच्या बँडमध्ये जुनी रीड जमा केल्याशिवाय नवी मिळत नसे. पेन्शनीनंतरही तुमची ती सवय सुटली नाही. आधी माझ्या तळहातावर जुनी ठेवायची, मगच नवी घ्यायची. आणि मी शिकत असताना सूर फाटला नि माझी नजर रीडकडे गेली, की तुम्ही कडाडायचात, "तिच्याकडे काय बघतोस? फुंक नीट!" त्या शेवटच्या थंडीत तुम्ही गच्चीवर उन्हात बसून वाजवताय. सूर वर चढतो आणि मध्येच विझतो. मला स्वच्छ ऐकू येतंय, रीड ठणठणीत आहे, छाती साथ देत नाहीये. मी म्हणतो, "रीड गेली बाबा, बदलू या." तुम्ही माझ्याकडे बघता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाद न घालता ती काढून माझ्या हातावर ठेवता. असं चारदा झालं; डब्यातल्या या चार त्याच. तुम्हालाही कळत होतं, असं मला वाटतं. विचारायचा धीर झाला नाही.

तुमच्या नातीला यंदा शाळेच्या बँडात क्लॅरिनेट मिळालंय. मी नको म्हणेपर्यंत तिनं डब्यातली एक रीड तोंडात ओली करून लावलीसुद्धा. खोलीभर सूर! "पापा, ये तो एकदम बढ़िया है! खराब किसने बोला?" तुमची सून डबा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगायची वेळ होती ती. मी म्हणालो, "आजोबांचे कान शेवटी शेवटी जरा दगा द्यायला लागले होते, बेटा."

पोरीनं चारही घेतल्या. बाबा, तुमच्या कानांना काहीही झालं नव्हतं. तेवढं तिला सांगणं आजही जमलं नाही.