खराब म्हणून राखलेली जागा

४ मे १९८७, नागपूर

पोचलो एकदाचा! गाडी फक्त चार तास उशिरा, म्हणजे इथल्या मानानं वेळेआधीच. स्टेशनवर रुपरावजी गावंडे स्वतः हार घेऊन हजर. हार! संगणकाच्या कामाला आलेल्या इंजिनिअरला! गृहस्थ पत्रिका बघतात. धरमपेठेत घर आहे, आणि बैठकीत जिथे शहाणा माणूस दिवाण ठेवतो तिथे यांनी संगणक ठेवलाय. तो बसवला यांच्या पुतण्यानं, वसंतानं. त्यात जन्मवेळ घालायची आणि कुंडली छापून घ्यायची. धन्य! मला जुनी प्रणाली काढून नवी घालायची आहे. फार तर तीन दिवसांचं काम. घरी बायकोला, सुमतीला, नववा महिना लागलाय. पंधराच्या आत पुण्याला परत येतो असं तिला वचन दिलंय, आणि ते पाळणार. रुपरावजींच्या सौ. जिजाबाई यांनी वांग्याची भाजी वाढली, कानातून धूर निघाला. पण मन प्रसन्न आहे. अशा गावात हुशार माणसाला मोठं व्हायला वेळ लागत नाही.

५ मे

वसंत महाशयांचा पराक्रम सापडला. डिस्कच्या झाकणावर कारखान्याची चिठ्ठी असते: अमुक सात ट्रॅक, म्हणजे माहिती लिहायचे पट्टे, खराब, तिथे काही लिहू नका. ती यादी हातानं संगणकाला सांगायची, मग तो त्या जागेकडे ढुंकून बघत नाही. या पठ्ठ्यानं सातच्या पुढे आणखी चाळीस ट्रॅक खराब म्हणून लिहून ठेवलेत. सलग चाळीस! नवी प्रणाली म्हणते, इतकी नासकी डिस्क मला चालणार नाही, आणि अडून बसते. वसंत कॉलेजात पहिला आला होता म्हणे. वर्गात एकटाच असेल. गेल्या वर्षी तो काविळीनं गेला, नाहीतर कान धरून विचारलं असतं.

जिजाबाई दाराशी येऊन म्हणाल्या, त्या जागेले हात नोका लावू गा, वसंत त्याले थांबवून राहिला. मेलेला माणूस थांबवून राहिला! अहो बाई, शुद्ध मराठीत याला 'थांबवून ठेवलं होतं' म्हणतात. भूतकाळ. हे मनातच म्हटलं, कारण हातात त्यांनीच केलेलं पन्हं होतं.

चाचणी म्हणून सुमतीची जन्मवेळ घातली. कुंडली सुबक छापली गेली.

७ मे

त्या चाळीस ट्रॅकमध्ये डोकावलो. एकही खराब नाही! आत आठ नावं, प्रत्येकापुढे एक तारीख. तासभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. वसंताचा प्रोग्राम आयुष्यही मोजतो. ज्याचं सरत आलंय त्याचं नाव इथे पडतं. मरणाचा दिवस ज्योतिषी कुणाला सांगत नाहीत, तसा रिवाज आहे. म्हणून हा लपवाछपवीचा उद्योग.

पहिलं नाव नत्थूजी शिंपी, मृत्यू जून ८५. कालच त्यानं माझ्या शर्टाला बटण लावलं! सहावे रुपरावजी, सातव्या जिजाबाई, दोघंही ८६ सालीच आटोपलेले. मघाशी दोघं भांडत होते, वरणात मीठ जास्त म्हणून. आणि आठवी माझी सुमती. सहा मे, म्हणजे काल! हसून हसून पुरेवाट. तरी दुपारी पुण्याला फोन लावला. स्वतः बोलली, वर विचारते कशी, जेवण नीट मिळतं ना.

८ मे

खराब ट्रॅकची यादी पुन्हा सातवर आणली. नवी प्रणाली मुकाट बसली. वसंताच्या जुन्या फ्लॉप्या कोऱ्या केल्या आणि त्यांवरच नव्याची प्रत घेतली. तो कचरा कशाला सांभाळायचा? रुपरावजींनी पेढे वाटले. जिजाबाई मात्र रडल्या. बायकांना निमित्तच लागतं. तेराचं तिकीट काढलं.

१० मे

नत्थूजी काल गेला. दुकानात, मशीनवर बसल्या बसल्या. ऊन लागलं म्हणतात. पंचेचाळीस अंशात म्हातारा शिंपी गेला, यात नवल ते काय!

आज सकाळी मागच्या गल्लीतल्या इंदूबाई. यादीत दुसऱ्या. योगायोग. फक्त नोंद करून ठेवतो.

११ मे

धोंडबा. मग ओमप्रकाश दूधवाला. तिसरा, चौथा. क्रमानं.

जिजाबाईंना विचारलं, या वेळी नम्रपणे. त्या म्हणाल्या, वसंतानं आधी रिवाज म्हणूनच जागा झाकली. मग तारखा उलटून गेल्या अन् माणसं मरेचनात, तेव्हा त्याले समजलं. 'थांबवून राहिला' — वर्तमानकाळ होता तो! जागा झाकलेली होती तोवर तो रोज मरण थांबवत होता. आणि मी दीडशहाणा व्याकरण तपासत बसलो.

नावं तीनदा पुसली. तीनदा परत आली. तीच जागा पुन्हा खराब म्हणून लिहायला गेलो. नवी प्रणाली स्वतः तपासते आणि सांगते: दोष नाही. अशी चतुर प्रणाली मीच आणली. जुनी मीच पुसली. शाबास, केशवराव!

१२ मे

संगणकाची वायर उपटली. तरी कुसुमताई गेल्या. पाचव्या.

डिस्क फोडणार होतो — पण जागाच उरली नाही तर थांबवायचं कुठे?

फोनवर सासूबाई होत्या. कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलंय. जरा लवकर आहे पण काळजी नको म्हणाल्या. काळजी नको! उद्याची गाडी धरली तर परवा तिथे. पण इथे सहावे —

१३ मे, सकाळ

रुपरावजी. चहाची बशी हातात, तशीच.

आता जिजाबाई. आणि त्यांच्यानंतर —

तिकीट फाडलं. त्या आहेत तोवर सुमतीची पाळी नाही. इतकं सोपं आहे. डॉक्टर आणला तर म्हणतो बाई धडधाकट आहे. मूर्ख! नत्थूजीही धडधाकटच होता.

दुपार

प्रेताला लोक घेऊन गेले. मी गेलो नाही. जिजाबाईंना खाटेवर निजवलंय, पंखा घालून राहिलो. ग्लुकोजचं पाणी, दोन-दोन चमचे. लोकांना वाटतं, पुण्याचा पोरगा किती मायाळू!

आज नवरा गेला आणि ही बाई मला विचारते, तुमच्या बायकोले काय झालं, पोरगा का पोरगी. मी पाय धरले. म्हटलं, माझी चूक झाली, तुम्ही जाऊ नका. कशासाठी ते सांगायची लाज वाटली. पण त्यांना माहीत आहे. यादी त्यांनीही पाहिली आहे. म्हणाल्या, जोर लावून राहिली ना मी, रडून काहून राहिले?

जोर लावून — माझ्या सुमतीसाठी — ही बाई —

चार वाजता

पाणी ओठांतून बाहेर आलं. हाका मारतो आहे. हात गार. नाडी लागते — नाही, ती माझ्याच बोटाची —

फोन वाजतोय. लांब लांब घंटा, ट्रंक कॉलची. पुणे. उचलणार नाही. वाजू दे. मी उचलला नाही तोवर सुमती —